नोकरी गेली आणि वकील परवडत नाही, तर सल्ला घ्यायचा कुठे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नागपूरच्या एका भगिनींनी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते इथे देत आहोत. वय ३९. हिंगणा एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत बिलिंग आणि डिस्पॅचचं काम. नोकरीला नऊ वर्षं आठ महिने झाले. पगार महिना ३२,००० रुपये, त्यात मूळ पगार १८,०००. चार वर्षांपूर्वी पदाचं नाव 'असिस्टंट मॅनेजर' झालं, काम तेच राहिलं. गेल्या पंधरवड्यात एचआरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं की काम नव्या सॉफ्टवेअरवर जाणार आहे, तुमचं पद आता राहणार नाही. टाइप केलेला राजीनामा समोर ठेवला. महिनाअखेरपर्यंत सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी मिळेल, नाही केली तर काढून टाकू आणि अनुभवाचं पत्रही देणार नाही, हे सगळं तोंडी. हातात मिळाला तो फक्त हिशेबाचा कागद: पगाराचे ६४,०००, ग्रॅच्युइटीचे ९३,४६२, एकूण १,५७,४६२ रुपये. आणखी दोघांना असंच बोलावलं आहे.

त्यांनी अजून सही केलेली नाही. पती इलेक्ट्रिकची कामं घेतात, मुलगा दहावीत आहे, घराचा हप्ता चालू आहे. ओळखीतल्या वकिलांनी केस घ्यायचे ५०,००० सांगितले. थोरले दीर म्हणतात, "कंपनीसमोर आपलं काही चालत नसते जी, मिळते ते घे अन् मोकळी हो." त्या लिहितात: "सरकारी फुकट वकील गरिबांसाठी असतो, आम्ही पगारदार. आणि कोर्टात गेले तर नागपुरात पुन्हा कोण नोकरी देईल? सही करून टाकू का?"

ताई,

सही केली नाही हे फार चांगलं केलंत. केबिनमध्ये समोर दोन माणसं बसलेली असताना, कागद पुढे सरकवलेला असताना पेन हातात न घेणं सोपं नसतं. त्या एका नकारामुळे तुमच्यासमोर आज बरेच मार्ग मोकळे आहेत.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू. सल्ला घेणं, वाटाघाट करणं आणि केस लढणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. तुम्हाला सांगितलेले ५०,००० रुपये तिसऱ्या कामाचे आहेत. आज तुम्हाला पहिलं काम हवं आहे: कागद वाचून कुणीतरी जाणकाराने सांगावं की हा हिशेब बरोबर आहे का आणि सही केल्याने मी काय गमावते. ते तासाभराचं काम आहे. त्यासाठी वकीलपत्र द्यावं लागत नाही आणि कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. वकिलांकडे जाऊन "केस घ्याल का?" असं विचारलं की ते केसचीच फी सांगणार. "फक्त सल्ला हवा आहे, एका बैठकीचे किती घ्याल?" असं विचारलं की आकडा वेगळा येतो. पुष्कळ वकील असा सल्ला देतात. फी किती ते फोनवरच विचारून घ्या, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पण तुमच्या बाबतीत तेही पैसे खर्च करायची गरज पडू नये. फुकट वकील फक्त गरिबांना मिळतो, हा समज इतका पसरला आहे की ज्यांचा हक्क आहे त्यांच्यातलेच निम्मे लोक त्या दारापर्यंत जात नाहीत असं मला वाटतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत मदत कुणाला मिळते त्याची यादी आहे. उत्पन्नाची अट असलेला गट त्या यादीत आहे, महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. तुमचं उत्पन्न त्याहून जास्त. पण त्याच यादीत 'स्त्री' हा स्वतंत्र गट आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तुमचा पगार ३२,००० असो की ८२,०००, तुम्ही स्त्री आहात एवढं पुरेसं आहे. औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती यांनाही उत्पन्न न बघता हा हक्क आहे. हे पुरुष वाचकांनीही नीट वाचावं.

जायचं कुठे? सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्या न्यायमंदिरात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फाटकाशी कुणालाही विचारा, पण काळा कोट घालून स्वतःहून पुढे येणाऱ्याला नव्हे, पोलिसाला किंवा न्यायालयाच्या कर्मचाऱ्याला विचारा. कार्यालयात अर्जाचा छापील नमुना मिळतो. नाव, पत्ता, कोणत्या गटात मोडता आणि तक्रार काय, एवढंच त्यात लिहायचं असतं. सोबत आधार कार्डाची प्रत न्या. तक्रारीत तथ्य आहे का हे ते बघतात, आणि मग पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील नेमून देतात. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्चही प्राधिकरणाकडून होतो. आधी फोनवर चौकशी करायची असेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा टोल फ्री क्रमांक आहे. काटोल, उमरेड, रामटेककडच्या वाचकांनी नागपूरची खेप करण्याआधी आपल्या तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत विचारावं.

आता तुम्ही म्हणाल, फुकट वकील मन लावून काम करेल का? रास्त शंका आहे. पॅनेलवर चांगले वकील असतात, कामात कंटाळा करणारेही असतात, जसे फी घेणाऱ्यांतही असतात. म्हणून जाताना तयारीने जा आणि "कामगार कायद्याचं काम करणारे वकील द्या" असं अर्जातच लिहा. दिवाणी-फौजदारीत मुरलेल्या वकिलाला कामगार कायद्याचे बारकावे माहीत असतीलच असं नाही. त्यातून २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करायची. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. वकील काहीच करत नसेल तर बदलून मागता येतो.

आता तुमच्या त्या कागदाकडे वळू. खरी गोम तिथे आहे.

ग्रॅच्युइटी काढायची रीत अशी: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तुमच्या १८,००० वर वर्षाला साधारण १०,३८५ रुपये येतात. कंपनीने त्याला ९ ने गुणलं आहे, म्हणून ९३,४६२. पण सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, असं कायदा सांगतो. तुमचे वरचे आठ महिने म्हणजे एक वर्ष. गुणायचं १० ने, आकडा होतो १,०३,८४६. दहा हजारांचा फरक एका ओळीत. आणि लक्षात घ्या, पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, काढलं तरी मिळते. ती 'सही केली तर' देण्याची गोष्टच नाही. ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. पीएफचंही तेच. तो पैसा तुमच्या यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) खात्यात आहे, कंपनीच्या मेहरबानीवर नाही.

मग सहीच्या बदल्यात कंपनी खरोखर काय देते आहे? फक्त दोन महिन्यांचा पगार, ६४,०००. आणि घेते काय? राजीनामा. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात, आणि स्वतःहून गेलेल्या माणसाला कपातीची, म्हणजे पद रद्द करून कमी केल्याची, भरपाई मागता येत नाही. पद रद्द करून कामगाराला कमी करायचं असेल तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. इथेही सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष. ढोबळ मानाने तुमचे १५ दिवसांचे १६,०००, दहा वर्षांचे १,६०,०००. नोटिशीचे ३२,०००. ग्रॅच्युइटी १,०३,८४६. बेरीज २,९५,८४६. कंपनीच्या कागदावर आहेत १,५७,४६२. फरक सव्वा लाखाच्या वर जातो. यात शिल्लक रजेचे पैसे धरलेले नाहीत, थकलेला बोनस असेल तर तोही नाही. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. त्यात मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी. तीही वेगळी. पगारातला कोणता भत्ता कशात धरायचा हे वकील नक्की करतील, तेव्हा आकडे थोडे हलतील. पण एका सहीची किंमत केवढी आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर असावं, म्हणून हा हिशेब मांडला.

या सगळ्यात एक मोठा 'जर' आहे: तुम्ही कायद्याच्या भाषेत 'कामगार' असाल तर. कंपनी म्हणेल, मॅडम तर असिस्टंट मॅनेजर आहेत. पदाच्या पाटीवर हे ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं त्यावर ठरतं, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. तुमच्या हाताखाली माणसं होती का? तुम्ही कुणाची रजा मंजूर करत होता का? कुणाला नेमायचा, काढायचा, दंड करायचा अधिकार होता का? की सकाळपासून गाड्यांची बिलं करायची, एलआर (मालवाहतुकीच्या पावत्या) जुळवायच्या, स्टॉकचे आकडे भरायचे आणि कुठल्याही सवलतीसाठी साहेबांची सही घ्यायची? पत्रावरून तरी हे दुसरं चित्रच दिसतं. ते लिपिकाचं काम आहे आणि लिपिक हा शब्द कामगाराच्या व्याख्येत सरळ आहे. एचआरची मंडळी '१८,००० च्या वर पगार म्हणजे तुम्ही कामगार नाही' असं ठोकून देतात. ती मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी आहे, लिपिकाला ती लागत नाही. म्हणून वकिलाकडे जाताना एका कागदावर तुमचा नेहमीचा कामाचा दिवस लिहून न्या, तासागणिक. तुमच्या प्रकरणात त्या कागदाला नेमणूकपत्राइतकंच वजन आहे.

दीरांनी जे सांगितलं ते काळजीपोटीच सांगितलं असणार. नागपुरात गिरण्या बंद पडताना हजारो घरांनी काय पाहिलं ते त्यांच्या पिढीला माहीत आहे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे त्या अनुभवातूनच येतं, आणि त्यात तथ्यही आहे. कामगार न्यायालयात वर्षं जातात. जिंकलं तरी पुन्हा कामावर घ्या असाच आदेश मिळेल असं नाही, अनेकदा एकरकमी भरपाईवर प्रकरण मिटतं. तुमच्या घरची आजची ओढाताण बघता लांबलचक केस हा पहिला मार्ग म्हणून मी सुचवणार नाही. पण एकीकडे केस आणि दुसरीकडे मुकाट सही, असे दोनच रस्ते नाहीत. मधला रस्ता चांगला रुंद आहे.

त्या रस्त्याचं पहिलं पाऊल लेखी उत्तर. आजच, स्वतःच्या मेलवरून एचआरला एवढंच पाठवा:

"अमुक तारखेच्या बैठकीत माझं पद रद्द होत असल्याचं आणि मी राजीनामा द्यावा असं मला सांगण्यात आलं. मी राजीनामा दिलेला नाही आणि देण्याची माझी इच्छा नाही. मी नेहमीप्रमाणे कामावर येण्यास तयार आहे. पद कमी करण्याचा निर्णय झाला असल्यास त्याचं लेखी पत्र, कारण आणि मला देय असलेल्या सर्व रकमांचा तपशीलवार हिशेब कृपया द्यावा."

यात राग नाही, धमकी नाही, कुणाचं नाव नाही. पण 'त्या स्वतःच सोडून गेल्या' असं नंतर म्हणायची सोय कंपनीला राहत नाही. आणि मेल पाठवल्यावर कामावर जात राहा. गेटवर अडवलं तर तिथूनच, त्याच मिनिटाला, 'मला आज इतक्या वाजता गेटवर अडवण्यात आलं' असा दुसरा मेल करा. केबिनमधल्या बैठकीत कोण होतं, काय म्हणालं, किती वाजले होते, हे आठवतं आहे तोवर वहीत उतरवून ठेवा.

दुसरं पाऊल, त्या आणखी दोघांशी बोला. तिघांनी मिळून एका वकिलाची एक बैठक घेतली तर फी तिघांत वाटली जाते, आणि कंपनीही तिघांच्या पत्राकडे वेगळ्या नजरेने बघते. शिवाय तुमच्या विभागात तुमच्यानंतर लागलेलं, तेच काम करणारं कुणी अजून कामावर आहे का ते बघा. कपात करताना एका प्रकारच्या कामात जो शेवटी आला त्याला आधी कमी करायचं, हा सर्वसाधारण नियम आहे. तो मोडला तर मालकाला कारण नोंदवावं लागतं.

तिसरं पाऊल बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि वकील परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी तेच सगळ्यात मोलाचं आहे. कामगार आयुक्तांच्या नागपूर कार्यालयात तुम्ही साध्या कागदावर तक्रार देऊ शकता. मग समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. या समेटाच्या कामकाजात वकिलाला उभं राहता येत नाही. तुमच्या नाही, कंपनीच्याही नाही. मोठा वकील घेऊन कंपनी येईल ही जी धास्ती आहे, ती या खोलीत लागू पडत नाही. समोर एचआरचा माणूस आणि तुम्ही, मध्ये सरकारी अधिकारी, टेबलावर तुमचा हिशेब. कामगार संघटनेचा पदाधिकारी मात्र तुमच्या बाजूने बसू शकतो. इथे आपलं गाव नशीबवान आहे. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून नागपूर कामगारांचं शहर आहे. आयटक, इंटक, सिटू, भारतीय मजदूर संघ या केंद्रीय संघटनांचं काम इथे जुनं आहे. त्यांच्या कार्यालयांत असे जुने कार्यकर्ते भेटतात ज्यांनी आयुष्यभर हेच अर्ज लिहिले आहेत. तुमच्या कंपनीत युनियन नसली तरी जाऊन विचारा. सभासद व्हायला सांगतील, थोडी वर्गणी मागतील. तुमचा अर्ज कसा लिहावा हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारे लोक कमी सापडतील.

समेटात तडजोड झाली तर ती लेखी, अधिकाऱ्यासमोर होते. नाही झाली तर न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा होतो, आणि त्या वेळी प्राधिकरणाचा मोफत वकील तुमच्या कामाला येतो. मुदतीचं भान ठेवा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यात तक्रारीसाठी ९० दिवस दिलेले होते. दुसऱ्या काही अर्जांना जास्त वेळ असतो, पण तुम्ही मनाशी ९० दिवसच धरून चाला. दिवाळीनंतर बघू, मुलाची परीक्षा झाल्यावर बघू, यात अनेकांचे हक्क बुडाले आहेत.

'नागपुरात पुन्हा कोण नोकरी देईल' ही तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. हिंगणा, बुटीबोरी, मिहान, सगळीकडे एचआरची माणसं एकमेकांना ओळखतात. पण हिशेब लेखी मागणं म्हणजे भांडण नव्हे. नम्र मेल लिहिणाऱ्या, समेटात बसून आकड्यांवर बोलणाऱ्या बाईला 'भांडखोर' म्हणायला कुणाला सहज जमत नाही. अनुभवाचं पत्र ही तडजोडीच्या कागदावरच घ्यायची गोष्ट आहे, नुसतं 'देऊ' नव्हे, त्याचा मजकूर आणि तारीख लिहून घ्यायची. तोवर नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक एवढ्यावर तुमचा नऊ-दहा वर्षांचा अनुभव सिद्ध होतो.

हीच कागदपत्रं वकिलासाठीही लागतील. त्यात पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट, पगारवाढीची पत्रं आणि साहेबांचे कामाबद्दलचे व्हॉट्सअॅप संदेश जोडा. कंपनीच्या ग्राहकांच्या याद्या, दर, फाइल्स मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. राग आला की असं करावंसं वाटतं, आणि मग त्याच कारणावरून शिस्तभंगाचा ठपका येतो. वर एक पानाची टिपणी ठेवा: कधी लागले, पद कधी बदललं, बैठक कधी झाली, काय सांगितलं. वकिलाचा वेळ मोजका असतो, आणि असं पान समोर असलं की तो वेळ तुमचे कागद शोधण्यात न जाता तुम्हाला सल्ला देण्यात जातो.

दोन प्रकारच्या माणसांपासून दूर राहा. एक, "मिळतील त्यातले वीस टक्के द्या, आता काही नको" म्हणणारा. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. असं बोलणारा एकतर वकील नाही किंवा नियम न पाळणारा आहे. दुसरा, "साहेबांशी माझं बोलणं आहे, आत्ता दहा हजार द्या" म्हणणारा. कुणाकडेही गेलात तरी सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारा, फी कशाची ते लिहून घ्या, पावती घ्या. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ज्यांनी दबावाखाली सही करून टाकली आहे त्यांनी सगळं संपलं असं धरू नये. राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेता येतो, तेव्हा आजच लेखी मागे घ्या आणि दबाव कसा आला ते त्यातच लिहा. जितके दिवस गप्प राहाल तितकं हे सिद्ध करणं जड जातं. जे खरोखर व्यवस्थापक होते, माणसं नेमत-काढत होते, त्यांना कपातीची भरपाई कामगार म्हणून मागता येणार नाही. त्यांनी नेमणूकपत्रातली नोटिशीची अट बघावी, ग्रॅच्युइटी त्यांनाही आहेच. मोफत मदतीच्या कोणत्याच गटात न बसणाऱ्यांनी विधी महाविद्यालयांतल्या विधी साहाय्य केंद्रांत चौकशी करावी. वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, शहरात विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कागद वाचून प्राथमिक मार्ग सांगतात. कोर्टात ते उभे राहू शकत नाहीत, पण तुम्हाला आज तेवढंच हवं असतं. ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता, म्हणजे साधारण २१,००० पर्यंत पगार असलेल्यांनी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारी भत्ता मिळतो का ते ईएसआयसीच्या कार्यालयात जरूर विचारावं. तो ९० दिवसांपर्यंत मिळू शकतो.

ताई, माझं मत विचाराल तर असं: राजीनाम्यावर सही करू नका. मेल आज पाठवा, प्राधिकरणात याच आठवड्यात जा, आणि तिथे हिशेब तपासून घेतल्यावर कंपनीला सांगा की कपातीचं रीतसर पत्र आणि पूर्ण रक्कम द्या, मी शांतपणे जाईन. बहुतेक कंपन्यांना प्रकरण कामगार आयुक्तांपर्यंत जाण्यापेक्षा ते सोयीचं वाटतं. कंपनीने थोडं कमी देऊ केलं, समजा तुमच्या हिशेबाच्या ऐंशी-नव्वद टक्के, आणि पैसे लगेच मिळत असतील, तर ते घ्यायचं की पुढे जायचं हा निर्णय तुमचा आणि तुमच्या पतींचा. घराचा हप्ता आणि दहावीचं वर्ष बघता लगेच हातात येणारे पैसे निवडले तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही, फक्त घेतलेला आकडा डोळसपणे घेतलेला असावा. तडजोडीच्या कागदावर 'माझी कोणतीही मागणी उरलेली नाही' हे वाक्य असतंच. म्हणून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि अनुभवाचं पत्र यांचा वेगवेगळा उल्लेख झाल्याशिवाय आणि रक्कम खात्यात येण्याची तारीख लिहिल्याशिवाय त्याखाली सही करू नका. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत शिल्लक वेतन द्यावं लागतं, तेव्हा 'दोन-तीन महिन्यांत देऊ' हे मान्य करायचं कारण नाही.

घराच्या हप्त्याबद्दलही बोलून टाकते. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, चुकल्यावर नव्हे. नोकरीच्या परिस्थितीचं पत्र देऊन मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, काही महिने सवलत मिळेल का, हे शाखा व्यवस्थापकांना लेखी विचारा, आणि त्या अर्जावर पोचपावतीचा शिक्का घ्या.